न्हाणीघरातील फरशीची आखणी : वाकड्या कोपऱ्यांचे काय करावे?



२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यानंतर ग्रामीण भागात शौचालयांची बांधणी मोठ्या प्रमाणावर झाली. त्या मानाने न्हाणीघर मागे राहिले. अजूनही अनेक घरांत परसदारी दगडाची मोरी आणि तीन बाजूंनी पत्रा किंवा जुन्या साडीचा आडोसा एवढीच सोय असते. घरातील बायकांना उजाडण्यापूर्वी आंघोळ उरकावी लागते आणि म्हाताऱ्या माणसांना शेवाळलेल्या दगडावर पाय सावरत बसावे लागते. म्हणून एखादे वर्ष बरे गेले, कांद्याला किंवा उसाला चार पैसे मिळाले, की घरात पक्के न्हाणीघर करण्याचा विचार पुढे येतो, आणि तो योग्यच आहे.

अडचण जागेची असते. पडवीचा कोपरा, जिन्याखालची जागा किंवा स्वयंपाकघरामागची बोळ यांतच न्हाणीघर बसवावे लागते. ही जागा लहान असते आणि काटकोनात तर क्वचितच असते. एक भिंत जुनी दगड-मातीची, दुसरी नव्या विटांची, एका कोपऱ्यात खांब पुढे आलेला, असा प्रकार असतो. अशा जागेत गवंडी साधारणपणे एका कोपऱ्यातून पूर्ण टाइल बसवायला सुरुवात करतो आणि समोरच्या भिंतीशी जे उरेल ते उरेल, अशा बेताने पुढे जातो. उरते ते बहुधा दोन-तीन बोटांचे, एका टोकाला निमुळते होत जाणारे पाते.

हे पाते दिसायला वाईट दिसते एवढाच प्रश्न नाही. तीन सेंटिमीटरच्या पट्टीला खालच्या मालाची पुरेशी पकड मिळत नाही. बादली आपटली, पाय पडला की ती हलते, सांधा फुटतो आणि पाणी आत शिरते. नेमकी हीच पट्टी जुन्या भिंतीला लागून आलेली असते. दगड-मातीच्या भिंतीच्या पायात रोज थोडे थोडे पाणी मुरले तर मातीचा दर्जा सुटू लागतो, गिलावा फुगतो आणि दोन-चार पावसाळ्यांत भिंत पोट काढते. म्हणजे फरशीच्या आखणीतील हयगय घराच्या भिंतीवर येते. ती टाळण्यासाठी लागतो तो एक वहीचा कागद, मोजपट्टी, सुतळी आणि अर्धा दिवस.

पिकांवर लिहिणाऱ्याने फरशीवर का लिहावे, असे कोणी विचारील. कृषिविद्येच्या प्रयोगासाठी शेतात वाफे आखताना आम्ही जी दोरी, खुंट्या आणि काटकोनाची रीत वापरतो, तीच येथे लागते. फळबाग आखताना आपणही तेच करता. बांध वाकडा असला म्हणून झाडांच्या ओळी आपण वाकड्या घेत नाही. सरळ बाजू धरून ओळी काढतो आणि वाकड्या बांधालगत जो तुकडा उरतो त्यात आखूड ओळी बसवतो. न्हाणीघरातही हेच करायचे आहे. फरक एवढाच, की शेतात तुकडा उरला तर त्यात चार शेवग्याची झाडे लावता येतात. येथे तो तुकडा किती रुंदीचा येणार हे आधीच ठरवावे लागते.

मापे घेण्याची पद्धत

गिलावा पूर्ण झाल्यावरच मापे घ्यावीत. त्यापूर्वी घेतलेली मापे उपयोगाची नसतात. भिंतीवर टाइल्स लावायच्या असतील तर त्यांची व खालच्या मालाची जाडी प्रत्येक बाजूने वजा करावी. चारही भिंतींची लांबी जमिनीलगत मोजावी आणि नंतर दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे आले आणि समोरासमोरच्या भिंतीही सारख्या आल्या तर खोली काटकोनात आहे. कर्णांत फरक आला तर कोपरा कुठेतरी उघडा किंवा मिटलेला आहे.

कोणता कोपरा खरा काटकोनात आहे हे पाहण्यासाठी ३-४-५ ची जुनी रीत पुरते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९० सें.मी. वर आणि दुसऱ्या भिंतीवर १२० सें.मी. वर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर १५० सें.मी. आले तर कोपरा काटकोनी समजावा. गवंड्याजवळचा गुण्या लहान असतो. तो हातभर अंतरापुरता ठीक, परंतु सात फूट लांबीत त्याची बारीक चूक वाढत जाते.

भिंत उभ्यातही सरळ आहे काय हे ओळंब्याने पाहावे. जुन्या भिंतीत दोन-तीन सें.मी. पर्यंतचा वाकडेपणा दोन थरांच्या गिलाव्याने काढता येतो. आठ सें.मी. चा वाकडेपणा गिलाव्याने काढण्याच्या भरीस पडू नये. एवढा जाड थर वाळताना तडकतो व सुटून येतो. आतून विटांची नवी भिंत घेतली तर चार-पाच इंच जागा जाते, आणि लहान न्हाणीघरात तेवढी जागा म्हणजे बादली ठेवायची जागा. त्यापेक्षा भिंत आहे तशी मान्य करून फरशीच्या आखणीत ती सामावून घेणे मला अधिक बरे वाटते.

आणखी एक गोष्ट. गवंडी फूट-इंचात बोलतो, टाइल मात्र मिलिमीटरमध्ये येते. ज्याला दुकानात 'बारा बाय बारा' म्हणतात ती टाइल ३०० मि.मी. ची असते, खरा फूट ३०५ मि.मी. चा. सात टाइल्सच्या ओळीत हा फरक सव्वातीन सें.मी. च्या वर जातो. म्हणून सर्व हिशेब सेंटिमीटरमध्येच करावा. विकत आणलेल्या टाइल्सपैकी दहा जमिनीवर एकमेकींना टेकवून ओळीत मांडाव्यात आणि एकूण माप पाहावे, म्हणजे खरा आकार कळतो.

एका न्हाणीघराचे उदाहरण

कागदावर पाच फूट बाय सात फूट असलेले एक न्हाणीघर समजा. मापे घेतल्यावर असे आढळले : दाराची भिंत १५५ सें.मी., समोरची मागची भिंत १४७ सें.मी., डावी व उजवी भिंत प्रत्येकी २१३ सें.मी. एक कर्ण २५९ सें.मी. व दुसरा सुमारे २६३.५ सें.मी. डावीकडील दोन्ही कोपरे काटकोनात आहेत. उजवी भिंत जुनी दगडी असून ती मागे जाताना ८ सें.मी. आत आलेली आहे. शिवाय मागच्या डाव्या कोपऱ्यात २३ × २३ सें.मी. चा, म्हणजे नऊ इंची खांब पुढे आलेला आहे. टाइल ३० × ३० सें.मी. ची घ्यायची आहे. दार डाव्या भिंतीजवळ आहे.

वहीच्या कागदावर १ सें.मी. म्हणजे १० सें.मी. असे प्रमाण धरून ही खोली काढावी. खांब, दार, नळ, बंब किंवा गिझर, बादली-पिंप ठेवायची जागा हे सर्व दाखवावे. मग पुढील हिशेब करावा.

आधी लांबीचा हिशेब

लांबी २१३ सें.मी. आहे. ३ मि.मी. चा सांधा ठेवून सात टाइल्स मांडल्या तर २१० अधिक सहा सांध्यांचे १.८ मिळून २११.८ सें.मी. होतात. मागे १.२ सें.मी. उरते. एवढी पट्टी कापता येत नाही आणि कापली तरी टिकत नाही. अशा वेळी बरेच गवंडी ती जागा नुसत्या सिमेंटने भरतात व तेथूनच पाणी मुरू लागते.

येथे दोन मार्ग आहेत. एक, सहा पूर्ण टाइल्स घेऊन दोन्ही टोकांना सुमारे अर्धी अर्धी टाइल घ्यावी. दुसरा, सांधा ३ ऐवजी ४ मि.मी. चा करावा. मग सात टाइल्स व सहा सांधे मिळून २१२.४ सें.मी. होतात. उरलेले ६ मि.मी. दोन्ही टोकांना तीन-तीन विभागले, की ते एका बाजूला उंबऱ्याखाली व दुसऱ्या बाजूला भिंतीच्या टाइलखाली झाकले जातात. एकही टाइल आडवी कापावी लागत नाही. येथे दुसरा मार्ग उघडच चांगला. सांध्यात ठेवायचे प्लॅस्टिकचे स्पेसर वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, ४ मि.मी. चे मागून घ्यावेत. सांधा याहून फार रुंद केला तर त्यात मळ धरतो, म्हणून ही युक्ती अशा थोड्या फरकापुरतीच वापरावी.

सांधा ठरल्याशिवाय रुंदीचा हिशेब सुरू करू नये, कारण तोच सांधा तेथेही धरायचा आहे.

मग रुंदीचा हिशेब

डाव्या भिंतीला टेकवून पूर्ण टाइलने सुरुवात केली तर काय होते ते पाहू. दाराशी पाच टाइल्स व पाच सांधे मिळून १५२ सें.मी. होतात आणि ३ सें.मी. उरतात. मागच्या भिंतीशी मात्र रुंदी १४७ असल्याने पाचवी टाइलच पूर्ण बसत नाही. म्हणजे दाराशी ३ सें.मी. चे पाते सुरू होऊन ते ८० सें.मी. वर शून्य होते आणि तेथून पुढे पाचवी ओळ कापीव होत जाते. दार उघडताच हे निमुळते पाते नजरेस पडते आणि तेही दगडी भिंतीलगत. याहून वाईट आखणी शोधून सापडणार नाही. तरीही कोपऱ्यातून सुरुवात केली की तीच पदरी येते.

आता दोन्ही बाजूंना कापीव पट्टी घेऊ व मध्ये चार पूर्ण टाइल्स ठेवू. चार टाइल्सचे १२० व पाच सांध्यांचे २ मिळून १२२ सें.मी. दाराशी दोन्ही पट्ट्यांसाठी मिळून ३३ सें.मी. उरतात, मागे २५ सें.मी. डावी भिंत सरळ असल्याने डावी पट्टी सर्वत्र सारखी राहील व सगळा तिरकेपणा उजव्या पट्टीत जाईल. डावी पट्टी १२ सें.मी. धरली तर उजवी पट्टी दाराशी २१ आणि मागे १३ सें.मी. येते. कोणताही तुकडा टाइलच्या एक तृतीयांशापेक्षा, म्हणजे १० सें.मी. पेक्षा लहान नाही. ही मर्यादा शक्यतो मोडू नये.

उजव्या पट्टीतील प्रत्येक तुकडा त्याच्या आधीच्यापेक्षा सुमारे ११ मि.मी. अरुंद होत जातो. रुंद पट्टीतील एवढा फरक डोळ्यांना जाणवत नाही. तोच फरक तीन सें.मी. च्या पट्टीत लगेच दिसतो. शिवाय बादल्या, पिंप आणि चौरंग त्याच बाजूला ठेवले की उरलासुरला तिरकेपणा झाकला जातो. दारातून पाहताना नजर ज्या भिंतीकडे जाते त्या बाजूला सरळ पट्टी आणि सामान ठेवण्याच्या बाजूला तिरकी, असे ठरवावे.

काही गवंडी वाकडेपणा दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा वाटून घेण्याचा सल्ला देतात. त्यासाठी ओळी किंचित तिरक्या घ्याव्या लागतात, मग त्या दाराच्या उंबऱ्याशी काटकोनात राहत नाहीत आणि एकाऐवजी दोन बाजू बिघडतात. एक भिंत सरळ असेल तर तिचाच आधार घ्यावा. दोन्ही भिंती वाकड्या असतील तर उंबऱ्याची रेषा पाया धरून तिच्यावर ३-४-५ ने काटकोन काढावा व त्या रेषेवर ओळी घ्याव्यात.

खांबाचा कोपरा

खांबाची कड डाव्या भिंतीपासून २३ सें.मी. वर आहे. सांधा बरोबर तेथे आणला तर टाइलला खाच घ्यावी लागणार नाही, असा मोह होतो. करून पाहू. डावी पट्टी २२.६ सें.मी. केली तर उजवीकडे दाराशी १०.४ आणि मागे अवघे २.४ सें.मी. उरतात. म्हणजे खांब साधला पण दगडी भिंत गेली. खांबाशी एक टाइल जपून कापणे हे सबंध भिंतीलगत पाते येण्यापेक्षा केव्हाही परवडते. कोपरे एकाहून अधिक अडचणीचे असतील तेव्हा सर्वांत लांब अडचण आधी सोडवावी आणि लहान अडचणीला तडजोड करायला लावावी.

आपल्या आखणीत खांबाशी येणारी टाइल १२.४ सें.मी. पासून सुरू होते. तिच्यात १०.६ सें.मी. रुंद व २२.७ सें.मी. खोल अशी खाच येते आणि खांबापुढे ७.३ सें.मी. चा भाग शिल्लक राहतो. अशा खाचेच्या आतल्या कोपऱ्यातूनच टाइल तडकते. म्हणून आधी त्या कोपऱ्यावर बारीक ड्रिलने छिद्र पाडावे व मग दोन्ही बाजूंनी ग्राइंडर त्या छिद्रापर्यंतच न्यावा, पलीकडे जाऊ देऊ नये. कारागिराचा हात बसलेला नसेल तर खांबाच्या पुढील कडेच्या रेषेत टाइलचे दोन सरळ तुकडे करून मध्ये सांधा द्यावा. तो थोडा दिसेल, पण टिकेल.

जाळीची जागा आणि उतार

येथपर्यंतचा हिशेब करून झाल्यावरच नहाणी ट्रॅप बसवावा. प्रत्यक्षात उलटे घडते. नळकाम करणारा आधी येतो, त्याला सोईचे वाटेल तेथे ट्रॅप बसवून जातो आणि मग गवंड्याला जाळीभोवती चार टाइल्स फोडाव्या लागतात. आखणीचा कागद त्याच्या हातात द्यावा.

आपल्या उदाहरणात सांडपाणी मागच्या उजव्या बाजूने परसात काढायचे आहे. तेथे उजवी पट्टी १३ सें.मी. रुंद आहे. पाच इंची जाळी साधारण १२.५ सें.मी. ची असते, ती पट्टीच्या रुंदीत जवळजवळ नेमकी बसते. डावी पट्टी १२ सें.मी. निवडण्यामागे हेही एक कारण होते.

उताराबद्दल शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पाणी कोणत्या कोपऱ्याला जाते हे आपण शेतात पहिल्या पावसात ओळखतो. न्हाणीघरात मीटरला १ ते २ सें.मी. उतार पुरतो. त्याहून कमी दिला तर पाणी साचून शेवाळ धरते. फार जास्त दिला तर साबणाच्या पाण्यावर पाय घसरतो, चौरंग डुगडुगतो.

जाळी मधोमध असली तर चारही बाजूंनी तिच्याकडे उतार द्यावा लागतो. ताठ टाइल्स चार उतारांवर नीट बसत नाहीत. सांध्याशी एकीची कड वर, दुसरीची खाली राहते आणि पायाला ठेचा लागतात. जाळी कोपऱ्यात असली तर संपूर्ण जमीन एकाच सपाट पातळीत त्या कोपऱ्याकडे कलती करता येते व कड कोठेही वर येत नाही. लांबीकडे मीटरला दीड आणि रुंदीकडे मीटरला एक सें.मी. उतार धरला तर दाराशेजारच्या डाव्या कोपऱ्यापासून जाळीपर्यंत सुमारे पावणेपाच सें.मी. चा फरक येतो. दाराशी न्हाणीघराची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा दोन सें.मी. खाली ठेवावी. म्हणजे जाळीचे तोंड घराच्या जमिनीपासून पावणेसात सें.मी. खाली येईल. हा आकडा खोदाईच्या वेळीच हाताशी पाहिजे. तो नसल्यामुळे अनेक घरांत शेवटी उंबरा चढवून वेळ मारून नेतात आणि म्हातारी माणसे त्याच उंबऱ्याला अडखळतात.

सपाटी पाहण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर एका पातळीच्या खुणा कराव्यात व त्या खुणांपासून खाली मोजून उतार द्यावा. फरशीचा थर टाकण्यापूर्वी खालचे काँक्रीट व पाणीरोधक थर पूर्ण करून, तोंड बंद करून, एक-दोन दिवस पाणी साठवून पाहावे. हा टप्पा कोणत्याही कारणाने गाळू नये.

टाइलची निवड

यावर थोडक्यात. जमिनीसाठी खरखरीत, मॅट पृष्ठभागाचीच टाइल घ्यावी. चकचकीत टाइल भिंतीवर शोभते. दुकानदार हल्ली ६० × ६० सें.मी. ची मोठी टाइल पुढे करतात. दिवाणखान्यात ती चांगली, परंतु लहान, वाकड्या आणि उताराच्या जागेत ती अडचण वाढवते. ३० सें.मी. किंवा त्याहून लहान बरी. शिरांची नक्षी असलेल्या टाइलचे उरलेले तुकडे फिरवून वापरता येत नाहीत, म्हणून साधी किंवा बारीक ठिपक्यांची निवडावी. सर्व खोके एकाच शेडचे व एकाच खेपेचे असल्याचे खोक्यावरील आकडे पाहून ठरवावे. ज्यांना टाइल नकोच असेल त्यांनी खडबडीत शहाबादी फरशी घ्यायला हरकत नाही. आखणीचा हिशेब तोच राहतो.

भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्स पाणी बरेच शोषतात, त्या सिमेंटवर लावण्यापूर्वी भिजवून घ्याव्यात. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीची तिला पकड येत नाही. तिच्यासाठी टाइल ॲढेसिव्ह वापरावे.

मांडणी, कापणी आणि बसवणी

टोकणीसाठी आपण दोरीवर ठराविक अंतरावर खुणा करतो. तशीच एक सरळ लाकडी पट्टी घेऊन तिच्यावर ३० सें.मी. टाइल, ४ मि.मी. सांधा अशा खुणा कराव्यात. डाव्या भिंतीपासून १२.४ सें.मी. वर नीळ लावलेली सुतळी ताणून जमिनीवर रेषा उमटवावी. पहिल्या पूर्ण टाइलची डावी कड या रेषेवर येईल. मग माल कालवण्यापूर्वी एक उभी व एक आडवी ओळ कोरडीच मांडून पाहावी. कागदावरचा हिशेब आणि जमीन यांत काही फरक असेल तर तो येथेच उघडा पडतो. टाइल्स अजून यायच्या असतील तर खोक्याच्या पुठ्ठ्याचे ३० सें.मी. चे चौकोन कापून मांडले तरी काम भागते.

उजवीकडील तिरके तुकडे मोजमाप घेऊन कापण्यापेक्षा पुढील पद्धत सोपी व बिनचूक आहे. ओळीतील शेवटच्या पूर्ण टाइलवर एक नवी टाइल बरोबर वर ठेवावी. तिच्यावर तिसरी टाइल ठेवून ती भिंतीकडे सरकवावी. तिच्या व भिंतीच्या मध्ये दोन्ही टोकांना दोन-दोन स्पेसर धरावेत. तिसऱ्या टाइलच्या कडेने मधल्या टाइलवर पेन्सिलीने रेघ मारावी. मधल्या टाइलचा जो भाग उघडा राहिला तोच आपला तुकडा. भिंतीचा तिरकेपणा त्याच्यात आपोआप येतो व भिंतीशी ४ मि.मी. फट राहते. प्रत्येक तुकडा अशाच रीतीने वेगळा आखावा, एकावरून सगळे कापू नयेत. तुकड्याची मूळ कड सांध्याकडे आणि कापलेली कड भिंतीकडे ठेवावी.

सरळ काप साध्या टाइल कटरने रेघ मारून मोडावेत. ग्राइंडर फक्त खाच व गोल काप यांसाठी वापरावा आणि त्या वेळी डोळ्यांवर चष्मा, नाकाला फडके असावे. हा नियम गड्यांना लागू नाही असा एक समज आहे. तो टाकून द्यावा.

भिंतीवरील टाइल्स दुसऱ्या थरापासून सुरू कराव्यात. सपाटीत एक लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर दुसरा थर उभा करावा, नंतर जमीन पूर्ण करावी आणि शेवटी सर्वांत खालचा थर जमिनीवर टेकवून बसवावा. जमिनीला उतार असल्याने हा खालचा थर डाव्या भिंतीवर पुढून मागे तीन सें.मी. हून अधिक बदलत जातो व त्या मापानेच कापावा लागतो. या पद्धतीत भिंतीवरून ओघळलेले पाणी सांध्यात न शिरता जमिनीवर येते आणि उजव्या बाजूची ४ मि.मी. ची फटही झाकली जाते. सांधे भरण्याचे काम निदान एक दिवस थांबून करावे. कोपऱ्यातील उभे सांधे व जमीन-भिंतीचा सांधा दोनदा पाहावा.

टाइल्स किती आणाव्यात?

या न्हाणीघराचे क्षेत्रफळ सुमारे ३.२ चौरस मीटर, म्हणजे साडेचौतीस चौरस फूट भरते. पूर्ण टाइल्स २८ लागतात, उजव्या पट्टीसाठी ७. डाव्या पट्टीच्या प्रत्येक तुकड्यासाठी नवी टाइल फोडली तर आणखी ७, एकूण ४२. परंतु उजव्या पट्टीतून उरलेल्या तुकड्यांपैकी मागचे चार १२ सें.मी. हून रुंद असतात. त्यांतून डाव्या बाजूच्या चार पट्ट्या निघतात. आणखी दोन पट्ट्या एका टाइलमधून निघतात, कारण १२ दुणे २४. खांबापुढचा १२ × ७.३ चा तुकडा उरलेल्यातूनच होतो. म्हणजे ३६ टाइल्समध्ये काम भागते. डावी पट्टी १२ ऐवजी १६ सें.मी. धरली असती तर एका टाइलमधून दोन पट्ट्या निघाल्या नसत्या.

दहा टक्के जादा टाइल्स घ्याव्यात असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. मोठ्या खोलीसाठी तो ठीक आहे. लहान व वाकड्या जागेत कापण्याचे प्रमाण जास्त असल्याने तो अपुरा पडतो. ३६ वर दहा टक्के म्हणजे चार, आणि एकट्या खांबाच्या खाचेतच दोन फुटू शकतात. तुटफुटीसाठी चार व पुढील दुरुस्तीसाठी चार धरून ४४ आणाव्यात. तीच शेड काही वर्षांनी मिळेल याची खात्री नसते.

काम झाल्यावर दाराशी एक बादली पाणी ओतून पाहावे. पाणी थेट जाळीकडे गेले पाहिजे. पोराची गोटी सोडून पाहिली तरी उतार कळतो. कोठे पाणी थबकले तर गवंड्याची मजुरी चुकती करण्यापूर्वी ती टाइल काढून पुन्हा बसवून घ्यावी. आखणीच्या कागदावर नळाच्या व सांडपाण्याच्या पाइपांची भिंतीपासूनची अंतरे लिहून ठेवावीत आणि तो कागद उरलेल्या चार टाइल्सबरोबर माळ्यावर ठेवावा.